अप्पांसाठी निवडलेले गेम

९ नोव्हेंबर, रविवार
कन्सोल घेतला. जुना आहे, दोन पिढ्या मागचा. मुद्दाम जुना घेतला. नवीन काय, कोणीही घेतं. जुन्या कन्सोलवर आपल्या लहानपणचे गेम पुन्हा निघालेत, त्यातून नेमके निवडायला नजर लागते. ती माझ्याकडे आहे. मीरा रोडला पिंटूचं सेकंडहँड गेम्सचं दुकान आहे. तो म्हणाला, आप जैसा कस्टमर कम आता है. माणसं ओळखतो.

घरी सांगितलं, अप्पांसाठी घेतला. आणि ते खरंच आहे. ऑगस्टमध्ये अप्पांना स्ट्रोक आला. उजवा हात निम्मा गेला, जीभ जड झाली. काठीने हळूहळू चालतात, पण त्यांचं बोललेलं कोणाला कळत नाही, म्हणून बोलायचंच बंद केलंय. फिजिओवाली पायल म्हणते, बोटांना काम द्या, चेंडू दाबायला द्या. चेंडूपेक्षा गेम जास्त सायंटिफिक आहे.

सुरुची म्हणाली, आधी त्यांना बाथरूममध्ये धरायला दांडा बसव, कधीची सांगतेय. बायकोला लाँग-टर्म विचार जमत नाही.

निश्चय : रोज एक तास फक्त अप्पांचा.

१२ नोव्हेंबर
निवड ही साधी गोष्ट नाही. काही गेम जसेच्या तसे पुन्हा काढलेत. काही रीमास्टर, म्हणजे रंगरंगोटी केलेले. काही कलेक्शन, म्हणजे एका डाउनलोडमध्ये पंधरा-वीस जुने गेम, त्यातले दोन चांगले आणि बाकी भरतीचे. शिवाय या कन्सोलची मेमरी लहान. एक घ्यायचा तर एक काढायचा. अशी परीक्षा असते.

'जुन्या कन्सोलवरचे दहा अनिवार्य गेम' असा लेख लिहायला घेतलाय. आमच्या रेट्रो गेमिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घोषणा केली. एकानेच रिप्लाय दिला. वॉशिंग मशीन विकणारे तुम्हीच का, म्हणून.

अप्पांचा तास आज रिसर्चमध्ये गेला.

१४ नोव्हेंबर
पहिली निवड : 'एम्बर नाइट'. रीमास्टर. तलवार, किल्ला, राक्षस. लहानपणी आमच्या बिल्डिंगमध्ये मी यात एक्का होतो. अप्पांना शेजारी बसवून डेमो दिला. कंट्रोलर त्यांच्या हातात देणारच होतो, पण आधी बेसिक कळायला हवं. दुसऱ्या लेव्हलला अप्पा झोपले. म्हणजे रिलॅक्स झाले. नोंद घेतली.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी एक प्रसंग. शेवटच्या राक्षसासमोर होतो. जुन्या गेममध्ये लढाईच्या मध्ये पॉज नसतो, आणि रीमास्टरवाल्यांनी ते तसंच ठेवलंय याचं मला कौतुक आहे. नेमकं तेव्हा अप्पा माझ्या बाहीला ओढत होते. मी म्हटलं, अप्पा, दोन मिनिटं. सुरुची खाली भाजीला गेलेली.

राक्षस मेला नाही. सोफ्याचं कव्हर धुवायला टाकलं.

अप्पा नंतर भिंतीकडे तोंड करून झोपले. सुरुचीने सगळं एकटीने आवरलं आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मी तिला पॉजचं समजावून सांगितलं.

२० नोव्हेंबर
'गोल्डन आर्केड' नावाचं कलेक्शन घेतलं. अठरा गेम. घेतलं ते त्यातल्या विमानांच्या गेमसाठी. बाकी भरती.

पण आज मोठी गोष्ट घडली. मी फोनवर होतो, तेवढ्यात अप्पांनी कंट्रोलर उचलला आणि 'लिफ्टमन' नावाचा एक फडतूस गेम चालू झाला. एक लिफ्ट. मजल्या-मजल्यावर माणसं उभी. कंट्रोलरवरच्या काडीने लिफ्ट वर-खाली न्यायची, बटण दाबून दार उघडायचं, माणसं भरायची, उतरवायची. बस. यापलीकडे काही नाही. अप्पांची बोटं थरथरत होती, पण अंगठा दाबत होता. उजवा अंगठा.

आणि अप्पा बोलले. "पुढे सरका."

सुरुची हातात लाटणं घेऊन बाहेर आली. अप्पांनी चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरी केली. पुन्हा म्हणाले, "पुढे सरका, पुढे रिकामं आहे." स्पष्ट. सुरुची रडायला लागली.

माझी निवड. लेखात टाकणार.

२५ नोव्हेंबर
अप्पा रोज खेळतायत. उठल्यावर चहाच्या आधी कंट्रोलर मागतात. लिफ्टमधल्या माणसांशी बोलतात. एका जाड्या माणसाला म्हणाले, तुम्ही दोन तिकिटं घ्या. पायल थक्क झाली. म्हणाली, पकड सुधारतेय, हेच चालू ठेवा, काहीही बदलू नका. मी तिला निवडीमागची माझी प्रोसेस सांगितली. तिला पुढच्या पेशंटकडे जायचं होतं.

गेममध्ये हाय स्कोअरची पाटी येते. सगळीकडे अप्पांचं नाव. गंमत म्हणून मीही एकदा खेळलो. कंट्रोलरची काडी थोडी लूज आहे असं लक्षात आलं. स्कोअर लिहिण्यात अर्थ नाही.

२८ नोव्हेंबर
काडी लूज नाही. पिंटूला दाखवली. त्याला काय कळतं.

३० नोव्हेंबर, रविवार
रसिका, माझी धाकटी बहीण, गोडदेवहून आली. अप्पांनी तिला खेळून दाखवलं. दुसऱ्या मजल्यावरचे मेहताभाई आणि भाभी पण आले होते. टाळ्या. अप्पा तोंड भरून हसत होते. चेहऱ्याची उजवी बाजूसुद्धा थोडी हलली, असं रसिका म्हणाली. मी होतो तिथून नीट दिसलं नाही.

मग रसिका म्हणाली, दादा, तू खेळ ना, तू तर एक्सपर्ट. सगळ्यांसमोर नाही म्हणणं बरं दिसेना. खेळलो. प्रकाश स्क्रीनवर पडत होता, भाभी मध्येच ढोकळा देत होती. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट आपटली. अप्पांनी माझ्या हातातून कंट्रोलर काढून घेतला आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणाले, "चला, उतरा."

मेहताभाई हसता हसता खोकायला लागले. रसिका डोळे पुसत होती. सुरुचीसुद्धा. लग्नाला बारा वर्षं झाली, इतकी हसताना मी तिला पाहिलेली नाही.

मीही हसलो. स्पोर्ट्समन स्पिरिट.

२ डिसेंबर
शांत डोक्याने विचार केला. अप्पा कम्फर्ट झोनमध्ये अडकलेत. तोच गेम, तीच लिफ्ट. मेंदूला आव्हान नाही. पायल पोरगी नवी आहे, तिला हे कळणार नाही. पेशंटला पुढच्या लेव्हलला नेणं घरच्यांचं काम असतं.

'एम्बर नाइट'चा दुसरा भाग सेलवर आलाय. मेमरीत जागा नव्हती. अप्पा दुपारी झोपले होते तेव्हा 'गोल्डन आर्केड' डिलीट केलं. वाटलं तर पुन्हा डाउनलोड करता येतं.

कठोर निर्णय. पण निवड म्हणजे शेवटी हेच.

३ डिसेंबर
अप्पांनी सकाळी कंट्रोलर मागितला. 'एम्बर नाइट दोन' लावून दिला. त्यांनी तलवारवाल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "लिफ्ट?" मी म्हटलं, अपडेट चालू आहे अप्पा. ते मांडीवर कंट्रोलर ठेवून जेवणापर्यंत टीव्हीसमोर बसून राहिले. संयम चांगला आहे त्यांचा.

६ डिसेंबर
अपडेट चालूच आहे. सुरुचीने विचारलं, कसलं अपडेट असतं एवढं. टेक्निकल उत्तर दिलं.

अप्पांनी तलवारवाल्याला एकदाही हलवलं नाही. जिद्द कमी पडतेय.

८ डिसेंबर
सुरुचीची कटकट नको म्हणून कलेक्शन परत टाकायला गेलो. स्टोअरमध्ये सापडेना. माझ्या खरेदीच्या यादीत नाव आहे, पण डाउनलोड होत नाही. पिंटूकडे गेलो. त्याने चेक केलं आणि म्हणाला, "ये तो निकाल दिया भाई. कंपनी ही बंद हो गई. जिसके मशीन में है, उसी के पास है. डिलीट मत करना."

मी म्हटलं, एका मित्राने केलंय. पिंटू म्हणाला, गधा है आपका दोस्त. डिस्क पण कधी निघालीच नव्हती म्हणे.

येताना बाथरूमच्या दांड्याची आठवण झाली होती, पण हार्डवेअरवाला बंद होता. अर्धं शटर खाली होतं.

११ डिसेंबर
लाजिरवाणा प्रकार. ऑफिसचा कॉल चालू असताना अप्पा घरातून गायब. काठी टेकत टेकत बाहेर गेले आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये जाऊन उभे राहिले. मेहताभाभीने स्टूल आणून दिलं. तासभर अप्पा लिफ्ट चालवत होते. उजव्या हाताने बटण दाबायचे, माणसं आत घ्यायचे, पुढे सरका म्हणायचे. शाळेतून आलेली पोरं उगाच वर-खाली करत होती. धर्माजी वॉचमन मला कौतुकाने सांगत होता, साहेब, वडिलांनी मला स्टुलावर सीट दिली.

माझा बाप लिफ्टमन. मी सोसायटीच्या कल्चरल कमिटीवर आहे.

अप्पांना दंडाला धरून घरी आणलं. ते यायला तयार नव्हते, थोडं ओढावं लागलं. धर्माजीला ताकीद दिली की पुन्हा त्यांना लिफ्टजवळ फिरकू द्यायचं नाही. तो मान खाली घालून हो म्हणाला. भाभी दारातून बघत होती. स्टूल तिला परत केलं.

१२ डिसेंबर
कॉलला बसण्याआधी दाराला आतून वरची कडी लावतो आता. अप्पांचा हात तिथपर्यंत जात नाही. सेफ्टी फर्स्ट.

१६ डिसेंबर
अप्पा बोलत नाहीत. टीव्ही लावला की उठून आत जातात. पायल आली होती. अप्पांची मूठ उघडून बघितली, सोडली, ती पुन्हा मिटली. तिने विचारलं, मध्ये काय झालं? मी म्हटलं, प्रगतीमध्ये असा टप्पा येतोच. म्हणाली, माझ्या कोर्सला असा टप्पा शिकवला नाही.

लेखाचे सात गेम पक्के झाले. तीन राहिले.

१९ डिसेंबर
सुरुची ऑफिसमधून येताना पिंटूच्या दुकानासमोरून आली. पिंटूने हाक मारून विचारलं, भाभी, भाईसाब के दोस्त को वो लिफ्टवाला गेम मिला क्या? अशा माणसाकडून यापुढे काही घ्यायचं नाही.

ती घरी आली, पर्स न काढता कन्सोलसमोर बसली, आणि काय आहे काय नाही ते एकेक करून बघितलं. मी मेमरीचा मुद्दा मांडला. कम्फर्ट झोनचा मांडला. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी सगळे तुला हसले होते, लोकेश. एवढंच झालं होतं."

मग आत जाऊन रसिकाला फोन लावला. दार लावून. मला कारण नसताना गिल्टी फील करायला लावण्याचा प्रयत्न चाललाय.

२१ डिसेंबर, रविवार
रसिका अप्पांना घेऊन गेली. थोडे दिवस बदल म्हणून. तिचं घर तळमजल्यावर, दोनच खोल्या, समोर गल्ली. तिथे ना इंटरनेट नीट ना टीव्ही मोठा. मी म्हटलं, कन्सोल घेऊन जा. रसिका म्हणाली, दादा, राहू दे. तिच्या बोलण्यात नेहमीचा मान नव्हता.

रिक्षापर्यंत अप्पांना सुरुचीने धरलं. मी बॅग घेतली. रिक्षात बसल्यावर अप्पांनी डावा हात सुरुचीच्या डोक्यावर ठेवला. मग रिक्षा सुटली. गडबडीत माझ्या डोक्यावर ठेवायचं राहून गेलं.

२४ डिसेंबर
सुरुचीही गोडदेवला गेली. रसिकाला मदत म्हणून. ऑफिस तिथून जवळ पडतं, असं म्हणाली. पडत नाही. मी मॅपवर बघितलं.

हॉल पूर्ण मोकळा. आता शांतपणे निवड करता येईल.

२९ डिसेंबर
'एम्बर नाइट दोन' संपवला. शेवटी राजा सिंहासनावर बसतो आणि नावांची यादी वर जाते. पूर्ण बघितली.

लेख टाकला. दहा गेम, प्रत्येकाची कारणं. ग्रुप ॲडमिनने लिहिलं, कृपया मोठे मेसेज टाकू नयेत.

४ जानेवारी, रविवार
गोडदेवला गेलो. मनाशी ठरवलं होतं, अप्पांना घेऊनच यायचं. मोठं मन दाखवायचं, मागचं काढायचं नाही.

गल्लीच्या तोंडाशी रसिकाच्या शेजारचे धाकूकाका भेटले. म्हाताऱ्याने मला ओळखलं नाही. आत्मारामचा मुलगा म्हटल्यावर म्हणाले, तुझा बापूस गपच बसत न्हाय, दिवसभर बडबड. मला बरं वाटलं. पाया मी घातलेला आहे.

अप्पा ओट्यावर खुर्चीत होते. उजव्या हातात चहाचा कप होता. स्वतः धरलेला. मला बघितल्यावर कप खाली ठेवला. मी शेजारी बसलो. तब्येत विचारली, जेवण विचारलं, झोप विचारली. अप्पा समोरच्या भिंतीकडे बघत होते. म्हटलं, घरी चला. नवीन गेम बघून ठेवलाय तुमच्यासाठी, बसचाच आहे. काही नाही. एक अक्षर नाही. मला पाहून गळा दाटून येत असणार. बापलेकाचं नातं असतंच असं.

सुरुचीला विचारलं, तू कधी येतेस. तिने चहा हवा का विचारलं.

निघालो. कोपऱ्यावर वळलो आणि चपलेचा अंगठा निघाला म्हणून वाकलो. तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला. रसिकाला विचारत होते.

"गेला का?"

उच्चार अगदी स्वच्छ होता.