फियाटचे लाल पट्टे

१० एप्रिल १९८३, रविवार
निरोप आला. पुढच्या रविवारी सेवाग्रामचे लोक आमच्या शकुंतलेला पाहायला हिंगणघाटला येणार. मुलगा तिकडे दवाखान्यात नोकरीला. वडील महादेवराव खादीवाले, साधे. स्टेशनवर घ्यायला मी स्वतः गाडी घेऊन जाणार.

पण गाडी! नागपूरच्या ठेकेदाराकडून घेतलेली सेकंडहँड फियाट. रंग आकाशी, आणि दोन्ही बाजूंनी हे लाल पट्टे चिकटवलेले. मागे जाऊन त्यांच्या ज्वाळा होतात. शी! बँडवाल्याची पँट. घेताना एवढं नजरेत आलं नव्हतं. पट्टे काढायचे. तासाभराचं काम.

बायको म्हणाली, "पोरीले पाहाले येऊन राह्यले का मोटारीले?" इम्प्रेशन ही गोष्ट बायकांना समजत नाही.

११ एप्रिल, संध्याकाळ
पट्टा नखाने उचलला. बोटभर निघाला, तुटला. पुन्हा उचलला, पुन्हा तुटला. दोन नखं गेली. हलकट माल. चिकटवायला खर्च केलेली अक्कल त्या माणसाने दुसरीकडे लावली असती तर देश पुढे गेला असता.

१२ एप्रिल
शेजारचे रूपराव म्हणाले, "काऊन नखं तोडता भाऊ? उन्हात ठेवा, आपोआप सुटते." शास्त्रीय वाटलं. गाडी दिवसभर उन्हात. डावीकडचं प्लास्टिक सोलून निघालं! गोंद तेवढा राहिला. म्हणजे काम जवळजवळ झालंच.

जेवताना पोळी हाताला चिकटली. झटकली तर बाहीला चिकटली. किळस.

१३ एप्रिल
रॉकेल. गोंद निघाला नाही, फक्त पसरला. आधी पट्ट्यापुरता होता, आता दारभर आहे. आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक लुगडं हुंगून परत गेलं. जाताना विचारलं, "शेठ, स्टोव्ह फुटला का?" लोकांना नाक कुठे खुपसावं ते कळत नाही.

१४ एप्रिल, गुढीपाडवा
सकाळी पाहतो तर गाडीला दाढी आलेली. रात्री वारं सुटलं, जिनिंग मिलमधला कापूस उडाला आणि सगळा आमच्याच गाडीच्या दाराला चिकटला. जिनिंगवाल्यांविरुद्ध अर्ज करणार आहे.

शकुंतला आधी खूप हसली. मग हळूच विचारलं, मुलाची कुठे चौकशी केली का. म्हटलं, आधी गाडी. ती आत गेली. मुलींना आजकाल पेशन्स नाही.

१५ एप्रिल
ब्लेड. दाढीला दुसरं काय लावणार? दाढी गेली. गोंद निम्मा गेला. आकाशी रंगही गेला. खाली लोखंड दिसतं. लोखंड चांगलं आहे, हे निदान कळलं.

१६ एप्रिल
उजव्या बाजूला हात लावायचा नाही असं ठरवलं. माणूस एका वेळी एकच बाजू पाहतो. पाहुण्यांना उजवीकडूनच बसवायचं. पट्टेही तसे वाईट नाहीत, लांबून.

बायको दोन दिवस गाडीबद्दल एक शब्द बोललेली नाही. पटलं असावं.

१७ एप्रिल, रविवार
स्टेशनवर महादेवराव नेमके गाडीच्या डाव्या बाजूने आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अपघात झालता का? कोनाले लागलं तं नाई ना?"

मी म्हणालो, नाही नाही, हे मी स्वतः केलं. त्यावर ते दोन पावलं मागे सरकले. "आमाले रिक्षा बरी," म्हणाले आणि बायकोला घेऊन सायकलरिक्षात बसले. साधेपणा!

मुलगा मात्र माझ्या गाडीत बसला. उतरताना डाव्या दाराला घासला आणि पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीला हातभर काळा गोंद. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला मी रॉकेलचं सुचवलं. शकुंतला म्हणाली, "बाबा, तुमी बसा." खोबरेल तेलाची वाटी आणली, त्याला पडवीत उभं केलं आणि सदरा पुसत बसली. अर्धा तास. काय बोलत होते कोण जाणे, दोघंही हसत होते. ती "गाडीची दाढी" म्हणाल्याचं ऐकू आलं. इकडे मी महादेवरावांना गाडीचं अ‍ॅव्हरेज सांगत होतो. त्यांनी तीनदा पाणी मागितलं.

सगळा बट्ट्याबोळ. तेलाचा डाग उलट मोठा झाला. स्थळ गेलं.

२४ एप्रिल, रविवार
होकार! सेवाग्रामहून माणूस आला. मुलाने घरी सांगितलं म्हणे, हीच मुलगी. शेवटी गाडीचं इम्प्रेशन पडलंच.

त्यांची एकच अट आहे. लग्नात नवरदेवाला आमच्या गाडीत बसवायचं नाही, आणि मी चालवत असेन तर कोणालाच नाही.

हे जरा अति होतं. विचार करून कळवतो, असं सांगायला बाहेर आलो तर माणूस कुठे दिसेना. बायको म्हणाली, "त्याले मी मंगाच पाठवलं. अट मंजूर म्हनून सांगतलं."