अंडाकृती पुठ्ठ्यामागचं विमान

प्रिय ताई,

आजोबांच्या फोटोची फुटलेली काच बदलून तो लगेच परत पाठव, असं तू बजावलं होतंस. काच बदलून झाली. फोटो मात्र अजून टेबलावर पडला आहे आणि मी त्याच्यासमोर. आज दुकानही उघडलं नाही. चष्म्याची गिऱ्हाइकं दार ठोठावून परत गेली. तू म्हणशील, भिंग्याचं डोकं फिरलं. फिरलंच आहे. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहितो.

तुला माझा नाद माहीत आहेच. शाळेत मी धड पास झालो नाही, पण पहिल्या महायुद्धातल्या दुपंखी विमानाचा कसलाही धुरकट फोटो आणा, चाकं, पंखांमधले खांब, शेपटीचा आकार बघून मी जात सांगतो. संग्रहालयवाले मला पत्र पाठवून विचारतात, मी त्यांना विचारत नाही. आत्या मात्र अजून टोमणा मारते, “तुझी विमानं कधी उडतात का रे, की नुसती चिकटवहीत अंडी घालतात?”

आणि इतक्या वर्षांत मी घरचाच फोटो तपासला नाही! तपासणार काय? त्या अंडाकृती पुठ्ठ्याच्या खिडकीतून दिसायचे फक्त आजोबा, त्यांच्या खांद्यामागे थोडं कापड आणि खाली अर्धं चाक. आजी सांगायची, लढाईवर गेल्या गेल्या त्यांनी हा फोटो पाठवला, आणि त्याच हिवाळ्यात, लढाईच्या पहिल्याच, ते गेल्याची तार आली. विमानं दुरुस्त करता करता गेले. आपण ऐकलं, मान डोलावली. आजीच्या शब्दाला भिंग कोण लावणार?

काच काढली तसा पुठ्ठाही सुटून हातात आला, आणि त्याच्याखालून अख्खं विमान बाहेर आलं. पहिल्यांदा मी चक्क हसलो, लहान मुलासारखा. मग भिंग लावलं. विमानाच्या नाकावर, पंख्याच्या बरोबर मागे, एक मशीनगन पक्की बसवलेली आहे. नळीचं तोंड थेट पात्यांकडे. म्हणजे गोळी फिरत्या पात्यांच्या मधल्या फटीतून जाणार. ताई, लढाईच्या पहिल्या हिवाळ्यात अशी सोय कुठल्याच दुपंखी विमानावर नव्हती. तेव्हा बिचारे वैमानिक पिस्तुलं घेऊन वर जायचे. अशी बंदूक बसवलेली दुपंखी विमानं यायला त्यानंतर वर्ष तरी गेलं.

माझं चुकलं असेल म्हणून दुसरं भिंग घेतलं. सावली असेल, धुराची नळी असेल, फोटोवरचा ओरखडा असेल. पंखांचे खांब पाहिले, शेपटी पाहिली, चिकटवह्या काढून जमिनीवर पसरल्या. सगळ्यांची साक्ष एकच, विमान नंतरचंच. आणि पुढे उभा माणूस आजोबाच आहे. आपल्या बाबांचंच नाक, बाबांचंच एका बाजूने हसणं. तार आल्यानंतर वर्ष उलटून गेलेलं, आणि हा गृहस्थ हातात पाना घेऊन हसतोय!

तार चुकीची असेल, तसं तेव्हा व्हायचं. पण हा फोटो त्या तारेनंतर आपल्या घरात आला, हे कसं पुसू? कुणीतरी तो पाठवला आणि आजीने तो घेतला. तिला माहीत होतं. नवरा जिवंत आहे आणि घरी येत नाही, हे तिने कुणाला सांगितलं नाही. मेलेल्याची बायको म्हणून लोक मान देत होते. घर सोडून गेलेल्याची म्हणून काय दिलं असतं, हे मलाही कळतं. तू आजीची लाडकी, तुला हे वाचून माझा राग येईल. येऊ दे.

पण आत्याचं काय? तार आली त्याच दिवशी ती जन्मली. बापाच्या मुळावर आली, असं शेजारणी म्हणायच्या, आणि आजी ऐकून घ्यायची. एका शब्दाने ती सगळ्यांची तोंडं बंद करू शकली असती. तुझ्या लग्नात आत्या मागच्या खोलीत भाज्या निवडत बसली होती, आठवतं? मी ओढायला गेलो तर म्हणाली, “माझी सावली नको रे बाबा, चांगल्या कामाला.” आपण हसण्यावारी नेलं. तिने आयुष्य तसंच काढलं.

आता तुझ्या मुलीचं लग्न आहे, आणि “मी खोलीतच बसणार” असं आत्याने आत्ताच सांगून टाकलंय, असं तू लिहिलंस. त्यासाठी हे पत्र. तिच्या जवळ बस, हात धर आणि हे सगळं वाचून दाखव. हा फोटो काढला तेव्हा ती घरभर दुडूदुडू चालत असेल, हे तिला सांग. तिने कुणाला खाल्लं नाही. बाप मेला नव्हता, तो आला नाही, हेही त्यातच कळणार. त्यावर इलाज माझ्याकडे नाही. माझं खरं वाटलं नाही तर तिच्या हातात भिंग दे आणि बंदूक दाखव. भिंग सोबत पाठवतोय. फोटोही पाठवतोय, मोठ्या चौकटीत, अख्ख्या विमानासकट. पुठ्ठा मी चुलीत घातला. लग्नात आत्याला सगळ्यांच्या पुढे उभं कर. नाही आली, तर मी येऊन उचलून आणतो म्हणावं.

तुझाच,
भिंग्या