सॅम्पल बंगल्यातली बोडी

१५ मार्च २००९

पोचले एकदाची. साकोलीहून निघताना शेजारणींनी बजावलं होतं की पुण्याची माणसं पाहुण्याला पाणीसुद्धा विचारत नाहीत. मला तर आल्याआल्या पाणी मिळालं, चहा मिळाला आणि पाय शेकायला गरम पाण्याची बादलीही. अर्थात हे सगळं सुनेनं केलं आणि अपेक्षा नागपूरची आहे. पुणेकरांबद्दलचं मत मी तूर्त राखून ठेवते.

घर वाघोलीत, नगर रस्त्यापासून बरंच आत. बिल्डर इथं बंगल्यांची वसाहत उठवणार होता. मंदी आली आणि गिऱ्हाइकांना दाखवायला बांधलेला हा एकच सॅम्पल बंगला पुरा झाला. आजूबाजूला नुसते कॉलम आणि गंजलेल्या सळ्या. म्हणूनच शुभंकरला एवढा मोठा बंगला स्वस्तात भाड्यानं मिळाला. शेजार कसला तो नाहीच, पण मागच्या अंगणात पोहायचा तलाव आहे. निळ्या फरशा, उतरायला चकचकीत शिडी, आणि पाणी मात्र शेवाळलेलं, वर डासांचे थवे. मी म्हटलं, यापेक्षा आमच्या गावची बोडी बरी, तिच्यात निदान मासे तरी असतात. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, असं शुभंकरनं अपेक्षाला समजावून सांगितलं. सून शहरातली, तिला काय माहीत.

ऑक्टोबरात ती बाळंत होणार. मी त्याचसाठी आले आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हुकूम सोडायला कोणी नव्हतं, आता दोघं मिळाली.

२९ मार्च

शुभंकर रोज सकाळी गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून निघतो आणि संध्याकाळी येतो. काल भाजी निवडता निवडता अपेक्षानं सांगून टाकलं. त्याची नोकरी जानेवारीतच गेली, घर तिच्या पगारावर चाललंय. दिवसभर तो मॉलमध्ये बसून असतो. हे नाटक माझ्यासाठी चाललं होतं. 

त्याचे वडील गेले तेव्हा तो नववीत होता. तेव्हाही शहाण्यासारखा वागला, रडला नाही, आणि महिनाभरानं वर्गातल्या एका मुलाचा हात मोडून आला. मला त्याच्या शहाणपणाची भीती वाटते. तो हातपाय हलवू लागेल, पुन्हा उभा राहील, एवढंच मला हवं आहे.

आज ग्रामपंचायतीचा माणूस डासांची तक्रार घेऊन आला. तलाव रिकामा तरी करा, नाहीतर त्यात मासे तरी सोडा, म्हणाला. मी संधी सोडली नाही. शुभंकरला सांगितलं, तू बोडी कर, मासे कोणते ते मी बघते.

१९ एप्रिल

काम जोरात. पठ्ठ्यानं बोडीचासुद्धा प्लॅन करून भिंतीवर चिकटवलाय. तलाव उपसला, तळाशी काळी माती पसरली, चुना मारला, टँकरनं पाणी भरलं, त्यात शेणकाला सोडला. पंधरा दिवस हिरवं पाणी घालवण्यात गेले आणि आता ते मुद्दाम हिरवं करतोय, म्हणून अपेक्षा त्याला चिडवते. तोही हसतो. नवीन फावडं आणलंय, ते रोज धुऊन पुसून ठेवतो. एवढी काळजी त्यानं कधी पुस्तकांची घेतली नव्हती.

मासे कुठले, यावर घरात थोडं वाजलं. त्याला रंगीत हवे होते. मी मांगुराचा हट्ट धरला. आमच्याकडे बाळंतिणीला मांगुराचा रस्सा देतात, अंगात रक्त भरतं. सोलापूर रस्त्यावरच्या एका माणसानं बोटभर लांबीची पिल्लं डब्यातून आणून दिली. काळी, मिशाळ, वळवळणारी. बघून माहेर आठवलं.

२४ मे

मासे भराभर वाढताहेत. विकणाऱ्यानं खाद्याची युक्ती सांगितली होती : कोंबडीच्या दुकानातली आतडी, पिसं, मुंडकी. संपत नावाचा एक माणूस दुकानांतून ती गोळा करून स्कूटरवर पिंपं बांधून आणतो. गरीब माणूस आहे. मी चहा देते, तो मला मावशी म्हणतो. त्याच्या बायकोच्या, इंदुबाईच्या, हातची चटणीही त्यानं एकदा आणून दिली.

पिंप उलटं केलं की पाणी उकळल्यासारखं होतं. मला ते बघवत नाही. आमचा मांगूर चिखलात लपून राहणारा लाजाळू मासा. हे मेले तोंड वर करून उभे राहतात. शुभंकरनं इंटरनेटवर बघितलं. हा आपला मांगूर नव्हेच, बाहेरच्या देशातली जात आहे आणि सरकारनं तिच्यावर बंदी घातली आहे. मी म्हटलं, मग मारून पुरून टाक. तो म्हणाला की दोन वर्षांत त्यानं हात लावलेली एवढी एकच गोष्ट वाढली आहे. आणि मासे आणलेही माझ्याच हट्टानं.

१२ जुलै

रस्त्यावरचं कुत्रं पाणी प्यायला शिरलं. माशांनी त्याचं नाक धरलं. ओढलं. ते ओरडत होतं, पुढचे पाय फरशीवर घसरत होते. मी स्वयंपाकघरातून धावले तोवर नुसती शेपटी वर होती.

शुभंकर तिथंच खुर्ची टाकून बसला होता. उठला नाही. मी बोलू लागले तर त्यानं हातानंच गप्प राहायची खूण केली, टीव्हीवर मॅच चालू असावी तशी. जेवताना अपेक्षानं नोकरीचे अर्ज विचारले, तेव्हा त्यानं तिच्या हातावर वरणाचा डाव मारला. तांब्याचा, जड. हात सुजलाय. मी त्याला बोल लावले, पण जेवढे लावायला हवे होते तेवढे नाहीत. तो पुन्हा मॉलमध्ये जाऊन बसेल, अशी भीती वाटली.

६ ऑगस्ट

पुण्यात स्वाइन फ्लूनं माणसं दगावताहेत. जो तो तोंडाला रुमाल बांधून. अपेक्षा गरोदर, म्हणून ऑफिसनं तिला घरीच राहायला सांगितलंय. इकडे कोणी फिरकत नाही. कोंबडीची दुकानं बंद आहेत, संपत येत नाही.

मासे एकमेकांना खाताहेत. पाणी तांबूस झालंय. काल पावसात दोन मासे बाहेर आले आणि फरशीवरून पुढच्या परांवर सरपटत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले. मी दांडक्यानं ठेचले. शुभंकरनं माझं मनगट धरलं. इतकं जोरात की—

मनगट काळंनिळं आहे. दाराचा मार लागला, असं अपेक्षाला सांगितलंय.

१० ऑगस्ट

लिहायला हवं. नाहीतर उद्या मला वाटेल, हे घडलंच नाही.

संपत दुपारी आला. पिंपं रिकामी. दुकानं उघडेपर्यंत तो गावी जाणार होता, म्हणून पिंपं परत न्यायला आला होता. शुभंकर त्याला म्हणाला की मासे उपाशी आहेत. संपत म्हणाला, साहेब, मासेच आहेत. एवढंच म्हणाला, आणि हसला.

शुभंकरनं फावडं घातलं. मानेवर. तो तलावात पडला, उथळ बाजूला. उठला. पाणी कमरेएवढं होतं. मासे आले. तो शिडीपर्यंत आला आणि शुभंकरनं त्याच्या शिडीवरच्या बोटांवर फावडं मारलं. मी खिडकीत होते. त्यानं मला पाहिलं. मावशी म्हणाला. दोनदा.

मी हलले नाही.

अपेक्षा वर झोपली होती.

११ ऑगस्ट

फिनेलनं फरशी पुसली. मीच. शिडीला बोटांचे ठसे होते. शुभंकरनं स्कूटर कॉलमच्या मागे नेऊन ताडपत्री टाकली. जेवला नीट. दुसऱ्यांदा भात घेतला.

इंदुबाई विचारत आली. तोंडाला पदर बांधलेला. मी सांगितलं, संपत आलाच नाही. ती म्हणाली, इकडेच येतो म्हणून निघाला होता. मी पुन्हा तेच सांगितलं. तिनं माझ्या पायांना हात लावला आणि दिसला तर कळवा म्हणाली. मुलांना चाळीस वर्षं खोटं बोलू नका म्हणून शिकवलं मी.

माझा मुलगा आहे तो. एकच आहे. फासावर जाईल.

१२ ऑगस्ट

मासे शांत आहेत. पोट भरल्यासारखे.

शुभंकर म्हणतो, आता परत भूक लागेल त्यांना. हे त्यानं अपेक्षाकडे बघत म्हटलं. की मलाच तसं वाटलं? तो तिच्या पोटाकडे बघत होता. मी मधे जाऊन उभी राहिले, ताट उचलायचं निमित्त करून.

१३ ऑगस्ट, सकाळ

अपेक्षाला स्कूटर सापडली. तिनं मला विचारलं. मी सगळं सांगितलं. तिला उलटी झाली, मग ती पोलिसांना फोन करायला निघाली. शुभंकर दारातच होता. फोन हिसकावून त्यानं तलावात टाकला. मग तिच्या कोपराला धरून म्हणाला, चल, मासे बघायला चल. गोड आवाजात. ती खाली बसली तर तिला फरशीवरून ओढत—

मी त्याच्या हाताला चावले. माझ्या मुलाला चावले. तोंडात रक्त. तेवढ्यात तिला वर ओढलं, कडी लावली, पलंग लावला दाराला.

माझ्या छोट्या फोनवरून तिनं पोलिसांना लावलं. येतो म्हणाले. पत्ता समजावताना फोन बंद पडला. या बंगल्याला पत्ता असा नाहीच, सॅम्पल बंगला एवढंच.

दुपार

पोलीस नाहीत. अपेक्षाचं पोट दुखतंय.

मघाशी तो दाराशी रडत होता. आई, काच लागली, रक्त थांबत नाही. मी फट उघडली. फावडं आलं आत. अपेक्षानं खांद्यानं दार लोटलं, माझी दोन बोटं—

डाव्या हाताची. लिहिता येतंय.

नंतर

तलावावरून हाक येतेय. आई, पाय घसरला. आई, पाय सोडत नाहीत.

खिडकीतून दिसतो. उथळ बाजूला उभा आहे. फावडं बाहेर पडलंय. खरं असेल? नाटक असेल, मघासारखं. पाणी लाल आहे. तो आतडी टाकून— आतडी कुठून आणणार, दुकानं बंद आहेत.

ओरडतोय. असा तो नववीत ओरडायला हवा होता.

हात कडीकडे जाऊ नये म्हणून लिहितेय. अपेक्षा नको म्हणते. पदर धरून बसली आहे. तिचं खरं आहे. मी गेले तर दार उघडं राहील, आणि तो खोटं बोलत असेल तर—

आता एक हात वर दिसतो. कोपरापासून खाली काही—

तो आई म्हणतोय. नुसतं आई.

पदर फाडला. तिच्या हातात राहू दे. तिला सांगितलंय, मी बाहेर पडले की लगेच कडी लाव, पलंग लाव. कोणी हाक मारली तरी उघडू नको. मी हाक मारली तरी—