तुझ्या शेजारची जागा

माय,

तुझ्या शेजारची जागा मोकळी होतेय, नि ती मला हवी का नको हे तुझा लेक रोज फोन करून विचारतो. आपल्या गावची दफनभूमी केवढीशी, जुनी हाडं काढून त्याच खड्ड्यात नवं माणूस ठेवतात, हे तुला मी काय सांगू. "बाय, व्हय म्हण न्हायतर न्हाय म्हण," तो ओरडतो, "चुलत्याची सून टपून बसलीय." जसं काय एसटीत रुमाल टाकून जागा धरायचीय. मी म्हटलं, अरे, मी जिवंत हाय, आत्ताच पाणी भरून आले. तर म्हणतो, म्हणूनच आता विचारतोय, मेल्यावर कोण सांगणार? हे मात्र त्याचं खरं.

तू गेलीस तेव्हा न्हावा शेव्याकडं मिठागरं होती. आता जिकडं बघावं तिकडं कंटेनर, एकावर एक. तुझा जावई गेला नि माझ्या धाकट्या लेकानं मला उचलून इथं आणलं, त्याची नोकरी बंदरात. ही अख्खी वसाहत बाहेरच्यांची. कोण केरळचं, कोण तमिळ, कोण मंगळूरचं, झारखंडची पोरं तर एका खोलीत दहा. सगळे आपल्यासारखेच किरिस्ताव, पण माझ्याशी मराठीत बोलायला एक माणूस न्हाय. देऊळ म्हणजे पत्र्याची शेड, मागं कबरींची जागा. मी रविवारी जायची, सगळे उठले की उठायची, बसले की बसायची. फादर काय बोलतात ते कळायचं न्हाय नि कळून घ्यायची हौसही उरली नव्हती. खरं सांगते, माझी प्रार्थना गावातच राहिली होती, तुझ्यापाशी. म्हणून त्या जागेत जीव अडकलेला. निदान शेवटी तरी आपल्या माणसांत पडू.

माझ्या बाकावर केरळची एक म्हातारी बसते. पंख्याखालच्या जागेवरनं आमचं पहिल्याच दिवशी वाजलं. ती तिच्या भाषेत बोलली, मी माझ्या. दोघींनाही नीट समजलं. तेव्हापासनं आम्ही एकमेकींना कोपर मारून बसतो.

तर भाद्रपदातलं ते मरियामातेचं फेस्त आलं. आपल्याकडं कसं, क्रूस धुवायचा, झेंडूची माळ घालायची, झालं. इथं नऊ दिवस रोषणाई, झेंडा, जनरेटर, डोकं उठवतात. फादरनी ठरवलं, रोज संध्याकाळी एकेका भाषेची प्रार्थना. कमिटीतला मिशीवाला दारात हजर. "आंटी, फ्रायडे मराठी का है. आप करेगा."

"आणि कोण कोण?"

"मराठी में? आप."

"अरे, मग घरीच करते की! मंडप कशाला?"

तो हसला, पण हलला न्हाय. म्हणे फादर बोलले, महाराष्ट्रात राहतो नि मराठीचा दिवस न्हाय, बरं दिसत न्हाय. मग म्हणतो, खायला मराठी स्पेशल पाहिजे, तमिळ लोक पोंगल करणार, आमचं केरळवाल्यांचं पायसम, तुम्ही वडापाव करा. तीनशे माणसाला! मी म्हटलं, बेकरीतनं पाव आणा, चहा टाका, त्याच्यापेक्षा जास्त मराठी मला जमत न्हाय.

शुक्रवारी हातात माईक दिला, पुस्तक दिलं. माय, ते मराठी तू ऐकलं असतंस तर तू पण घाबरली असतीस. मी चौथी पास. दोन ओळी वाचल्या, तिसरीत जीभ अडकली, चष्म्यावर घाम. पुढं तीनशे माणसं तोंडाकडं बघतायत. मला असा राग आला! फादरचा, मिशीवाल्याचा, धाकट्याचा. पुस्तक मिटलं नि तुझी लादीन सुरू केली. मरियामातेचं एकेक नाव घ्यायचं नि बाकीच्यांनी खालून उत्तर द्यायचं, तीच. म्हटलं, मीच नाव घेते, मीच उत्तर देते, मोकळी होते.

डोळ्यांपुढं तूच, चुलीपाशी बोंबील साफ करत बसलीयस, हाताला चिकट पाणी, नि गातेयस. आम्ही पोरं उत्तर देतोय. मी पुटपुटले की ओला हात पाठीत. "बाजारात कशी केकाटतेस? देवाला काय चोरून सांगायचंय?" मी विचारते, माय, ह्याचा अर्थ काय? तू म्हणतेस, "ही आपल्या गावची बोली हाय, दुसऱ्या कुणाला येत न्हाय. ठेव जपून."

आपल्या गावची बोली! माय, काय बाई तू तरी! मी पहिलं नाव घेतलं नि माझं तोंड मिटायच्या आधी समोरनं उत्तर आलं, "ओरा प्रो नोबिस." केरळची म्हातारी. मागनं मंगळूरचे दोघं. मग तमिळ आज्या. चौथ्या नावाला झारखंडची पोरंपण. उत्तर प्रत्येक वेळी तेच, शिकायला कितीसा वेळ लागतो? नंतर फादर म्हणाले, ती लॅटिन, 'आमच्यासाठी विनंती कर' असा अर्थ, जगभर म्हणतात. आयुष्यभर मी ती गावची ठेव म्हणून कुणापुढं काढली न्हाय, नि ती इथं प्रत्येकाच्या घरात होती. केरळवाले सूर फार ओढतात, मला दम लागत होता, "जरा भरभर" म्हणून हातानं खुणावलं, तर त्यांनी आणखी ओढलं. पण माय, अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनी मी कुणाशी तरी बोलत होते नि वरून कोणतरी ऐकत होतं.

पाव वाटताना मिशीवाला म्हणतो, "आंटी, नेक्स्ट इयर भी आप."

मी म्हटलं, "जगले तर. मेले तर लांब न्यायचा ताप न्हाय, इथंच मागं टाका." बोलून गेले. बोलल्यावर कळलं, ठरलं.

भावाला फोन केला. "दे ती जागा चुलत्याच्या सुनेला."

तो म्हणाला, "मायच्या शेजारी न्हाय? परक्या लोकांत पडणार, बाय?"

मी म्हटलं, दूध उतू चाललंय, नि फोन ठेवला.

हे पत्र त्याच्या हाती देऊन तुझ्या क्रुसापाशी ठेवायला सांगणार होते. पण तो फोडून वाचेल, नि बायकोला वाचून दाखवील, मग सगळी वाडी. नको. राहू दे माझ्या उशाखाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं परत विचारलं तर मी कारण सांगितलं की धाकट्याला रजा मिळत न्हाय, मेल्यावर मला गावाला आणणार कोण. ते खोटं. लादीन म्हणताना मी मध्येच अडकले, माय. पुढचं नाव आठवेना. पूर्वी तू विळीवरनं मान न उचलता पुढचं नाव टाकायचीस. तशी ती केरळची म्हातारी बाकावर बसल्या बसल्या ते नाव बोलली, माझ्याकडं न बघता, नि मी पुढं गेले. गावात आता लादीन भोंग्यावर लावतात. भोंगा कुणासाठी थांबत न्हाय.