त्रेचाळीस संशयित खाती

३ जानेवारी, सकाळी ६.४०
करुणाच्या पेजवर पुन्हा हल्ला. धाकटी बहीण, आमच्याच प्रभागातून अपक्ष उभी. पेज मी सांभाळतो. साडेपाच ते सहा, त्रेचाळीस कमेंट, सगळ्यांत एकच वाक्य: ‘आधी पाणी, मग मत.’ २२ आणि २८ डिसेंबरलाही हीच वेळ. मधले दिवस शुकशुकाट. खरी माणसं अशी दर सहाव्या दिवशी एकदम जागी होत नाहीत. समोरचा उमेदवार राजेंद्र, त्याचीच टोळी. अजून खोलात गेलो असतो, पण नेमकी तेव्हाच बायकोची, मंजुषाची मोटार, पाइप, बादल्या. या घरात एकाग्रता अशक्य.

५ जानेवारी
पुराव्याशिवाय राजेंद्रवर आरोप करणार नाही. मात्र दोषी तोच. एका खात्यासाठी तर समोरच्या केसरबाईंचा फोटो चोरलाय.

६ जानेवारी
एकट्याच्या तक्रारीला कंपनी विचारत नाही. नऊ प्रोफाइल उघडली: फुलंब्रीचे शेतकरी, पैठणच्या निवृत्त शिक्षिका वगैरे. हा खोटेपणा नाही का, स्वतःला दोनदा विचारलं. नाही. मत माझंच आहे, नावं तेवढी कमी पडत होती. तक्रार नऊही जणांची शब्दशः एकच ठेवली. शब्द बदलले की सत्य बदलतं.

८ जानेवारी
त्रेचाळीसही खाती बंद. मंजुषाचंही उघडेना. राजेंद्र घरापर्यंत पोचला.

९ जानेवारी, सकाळी ६.१५
दारात गल्लीतल्या बायका. अभिमानानं तक्रारीचं सांगितलं. केसरबाईंना म्हणालो, तुमचा फोटो चोरीला गेलाय. त्या म्हणाल्या, “नातीनं काढलाय, मीच लावलाय. माझं खातं तुम्ही बंद केलं व्हय?”
मंजुषानं समजावलं. नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं. टाकी भरेपर्यंत सगळ्या मोटारीजवळ उभ्या, हातात मोबाइल. वाक्य भिशीत ठरलेलं, प्रत्येक उमेदवाराच्या पेजवर टाकायचं. “अहो, करुणानं नुसतं उत्तर दिलं असतं, तर सगळी गल्ली तिची होती.”
ठरवून केलं, हे तर सिद्ध झालं. माझं निदान चुकलं नव्हतं.

१० जानेवारी
कंपनीनं करुणाचं पेज बंद केलं. कारण: एकाच मोबाइलवरून दहा खाती, एकच मजकूर. यामागं कोण, ते शोधावं लागेल.
करुणा सकाळपासून घरोघरी माफी मागत फिरतेय. दुपारी पाणी प्यायला आली, तेव्हा नव्या पेजची योजना मांडली. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. मग म्हणाली, “दादा, तू आता काहीच करू नको. पंधरा तारखेला मत द्यायला ये. एकदाच.”