व्यवहार प्रक्रियेत आहे

प्रिय अपूर्वा,

तुझ्या नागपूरच्या पत्त्यावर माझे हस्ताक्षर पाहून तू दचकशील. फोनवर आपण रोज बोलतो. पण आरोहीच्या प्रवेशपरीक्षेच्या अर्जाविषयी तू विचारलेस की मी विषय बदलतो, हे तुझ्या लक्षात आले असेलच.

तो अर्ज मी तिला भरू दिला नाही. तुझ्या लेकीच्या घाईवर माझा विश्वास नाही. वयाच्या अटीमुळे वास्तुकलेच्या त्या संस्थेसाठी तिला यंदाचीच संधी, म्हणून प्रत्येक रकाना मी तीनदा तपासला. छायाचित्र मनासारखे येईना, ते दोनदा पुन्हा काढवले. त्यात शेवटचा दिवस उजाडला.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शुल्क भरले. रक्कम वजा झाल्याचा बँकेचा संदेश आला. पडद्यावर मात्र चक्र फिरत राहिले आणि खाली सूचना: व्यवहार प्रक्रियेत आहे, पान बंद करू नये. मी केले नाही. शेजारचा अमित डोकावला. म्हणाला, “काका, परत भरा ना. डबल गेले तर येतील परत, फॉर्म तर जाऊ दे.” मी त्याला सुनावले की एकदा घेतलेले शुल्क पुन्हा मागण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि सूचना पाळण्यासाठीच लिहिलेल्या असतात. “तुम्ही पण ना काका,” म्हणत तो गेला. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. पाच वाजता मुदत संपल्याचे पान उघडले.

बँक म्हणते, पैसे संस्थेकडे गेले. संस्था म्हणते, पोहोचले नाहीत. रोज नवा तक्रार क्रमांक आणि तीच पाठ केलेली दिलगिरी. माझ्या चार पानी निवेदनाला एका मिनिटात उत्तर आले, म्हणजे ते कोणी वाचलेच नाही. सातव्या दिवशी बँकेच्या तक्रार-फोनवर प्रिती नावाच्या मुलीने सगळे ऐकून घेतले आणि आवाज खाली करून म्हणाली, “काका, खरं सांगू? आम्हाला इथून काहीच करता येत नाही. उगाच फोन करत बसू नका.” इतक्या दिवसांत खरे बोललेली ती एकटीच, आणि मी तिच्यावरच खेकसलो.

परीक्षा विभागात मी एकतीस वर्षे काढली. परळच्या एका गिरणी कामगाराच्या मुलीचा अर्ज दहा मिनिटांच्या उशिरासाठी मी परत केला होता. तिचे वडील, धोंडू नाव होते, खिडकीशी बराच वेळ उभे राहिले. तो निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. एवढेच, की त्यांना खिडकीत निदान एक माणूस दिसत होता.

काल सकाळी पैसे खात्यात परत आले. तक्रारीचे निवारण झाले, आमच्या सेवेला किती तारे द्याल, असा संदेश आला. पैसे परत आले याचा अर्थ अर्ज कधी पोहोचलाच नव्हता. संस्थेनेही दुपारी तसे कळवले.

आरोहीला यातले काही ठाऊक नाही. ती पहाटे पाचला उठून चित्रे काढते, प्रवेशपत्र कधी येणार म्हणून विचारते, आणि मी “येईल हं” म्हणतो. आयुष्यात मी इतक्या वेळा खोटे बोललो नव्हतो. हे तिला तू सांग. रविवारी सकाळी दहा ते अकरा मी हिंदमाताच्या बाजारात जाईन, ती घरी एकटी असेल. त्या वेळात फोन कर. चूक आजोबांची आहे, हे आधी सांग. मी साडेअकराच्या आत परतणार नाही.

तुझाच,
बाबा