साहेबांची स्तुती

मंगळवार, संध्याकाळ

शेजारची सलमा जुन्या अरबी स्तुतिकाव्यावर संशोधन करते. परवा म्हणाली, "काका, कवी भर दरबारात राजाला उदार म्हणतो, ते वर्णन नसतं, मागणं असतं. मग राजा नाही कसं म्हणेल?" मला आरतीच आठवली. देवालाही आपण दयाळू म्हणतो ते असंच ना?

आज साहेबांच्या सत्कारात मी बोललो. आमचा एक सहकारी वारला, म्हणून त्याच्या बायकोला, मीनावहिनींना, ऑफिसचं क्वार्टर सोडावं लागणार होतं. मुलीची बारावी तोंडावर. मी म्हणालो, "आमचे साहेब परीक्षेआधी कुणाचं घर हलवत नाहीत." टाळ्या पडल्या. साहेब हसले, "भाई, आपने तो फँसा दिया! चलो, परीक्षा तक रहने दो."

खोटं बोललो का? बोललो तेव्हा ते खरं नव्हतं. आता आहे.